खाडीकाठची खांड

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बांधाला माणसांची नावं असत.

एका राज्यात समुद्राला मिळणारी एक खाडी होती. खाडीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव. दोन्ही गावांची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. पाणी आणि शेतं यांच्यामधे दोन्हीकडे फक्त मातीचा बांध. बांधाचा एकेक तुकडा एकेका घराचा, आणि ज्या घराचा तुकडा, त्या घराचं त्याला नाव.

बांध फुटला, की त्या फटीला लोक खांड म्हणत. खांड पडल्याची हाक आली, की चुलीवरची भाकरी चुलीवरच राही. कोणाच्या तुकड्यात पडली, हे कोणी विचारत नसे. पुरुष खुंट ठोकत, बायका रांगेने चिखलाच्या टोपल्या पुढे देत, म्हातारी माणसं पेंढा तुडवत. काम संपलं, की सगळ्यांच्या चिखलाळलेल्या तळव्यांवर गुळाचा खडा पडे. त्या गुळाला चिखलाचा वास येई, आणि तसा गोड गूळ पुन्हा कोणी खाल्ला नाही, असं जुनी माणसं सांगत.

राजा दयाळू होता. त्याने दवंडी पिटवली, "वादळात मोडलेले रस्ते, घाट आणि बांध यापुढे खजिन्यातून बांधून मिळतील." लोकांनी राजाला दुवा दिला. पण कुठल्याशा गावाने जास्त मदतीसाठी आपलाच बांध फोडला. राजा संतापला. त्याने आज्ञेला एक ओळ जोडली, "दरबारचा मोजणीदार पाहून जाईपर्यंत मोडक्या वस्तूला कोणी हात लावू नये."

पुढे एके वर्षी भयंकर वादळ आलं. छपरं उडाली, होड्यांचे घाट ढासळले आणि दोन्ही गावांच्या बांधांना एकेक खांड पडली. खांड लहानच होती, दोन हातांची; रोजच्या भरतीला तिच्यातून थोडंच पाणी आत येई. मात्र अमावस्या आठ दिवसांवर होती, आणि अमावस्येला समुद्राला उधाण येतं. मोजणीदार राजधानीहून निघाला होता, पण वाटेवर झाडं आडवी पडली होती.

अलीकडच्या गावात सभा बसली. पाटील म्हणाले, "कोणी हात लावायचा नाही. मातीचा बांध किती पिढ्या लिंपायचा? या खेपेला दगडाचा होईल."

गावात एक म्हातारी होती. सगळे तिला आत्या म्हणत. ती म्हणाली, "होऊ दे की दगडाचा. पण पाटील, समुद्राला राजाची आज्ञा वाचून दाखवायला कोण जाणार? तुम्ही?"

लोक हसले. पाटील चिडले. "आत्या, बुजवलेली खांड मोजता येत नाही. मदत गेली तर गाव तुझ्या दारात येईल."

"येऊ दे. दार उघडंच असतं माझं."

दुसऱ्या दिवशी आत्या एकटीच टोपली घेऊन बांधावर गेली. दिवसभर तिने टाकलेली माती भरती घेऊन जाई. ती पुन्हा टाकी. चार दिवस लोकांनी नुसतं पाहिलं. पाचव्या दिवशी एक म्हातारा पेंढा घेऊन आला. "तुझा चिखल नेहमीच पातळ गं," म्हणाला आणि तुडवायला लागला. मग शेजारीण आली. मग तिच्या जावा आल्या. सातव्या दिवशी खुद्द पाटील आले. "माझ्याकडे बघू नका. मी फक्त खुंट सरळ आहेत का ते पाहायला आलोय," म्हणत त्यांनी धोतर खोचलं.

अमावस्येला भर दुपारी उधाण आलं. पाणी बांधाच्या कडेला टेकलं, घटकाभर थांबलं आणि मागे फिरलं.

पलीकडच्या गावाने आज्ञा पाळली होती. खांडीला कोणी हात लावू नये, म्हणून तिच्याभोवती दोर बांधून पहारा ठेवला होता. उधाणाने दोरही नेला आणि बांधही. दोन हातांची खांड शंभर हातांची झाली. समुद्र शेतांत शिरला.

तीन दिवसांनी मोजणीदार आला. पलीकडे त्याने शंभर हात मोजले आणि दगडी बांध मंजूर केला. अलीकडे येऊन त्याने विचारलं, "खांड कुठे आहे?"

"बुजवली," आत्या म्हणाली.

"म्हणजे नुकसान नाही. वर आज्ञाभंग आहे. या गावाला काही नाही. घाटही नाही."

घाट मोडकाच राहिला. होडीतून उतरणारा प्रत्येक जण गुडघाभर चिखलात रुते आणि आत्याच्या नावाने बोटं मोडी. ज्या बायकांनी टोपल्या दिल्या होत्या, त्या पाणवठ्यावर तिच्याशी बोलेनाशा झाल्या.  आत्या बांधाला माती लावत राहिली.

वर्ष गेलं. पलीकडचा दगडी बांध पुरा झाला. तो पाहायला राजा स्वतः आला. बांध देखणा होता. पण आतल्या जमिनीवर मिठाचा पांढरा थर होता, आणि गवताची काडीही नव्हती.

"पेरणी का नाही?" राजाने विचारलं.

पलीकडचे पाटील हात जोडून म्हणाले, "महाराज, बांध उत्तम आहे. आत राखायला काही उरलं नाही."

"मग खाता काय?"

"अलीकडचं गाव धान्य देतं."

राजा होडीत बसून अलीकडे आला आणि उतरताच गुडघाभर चिखलात रुतला. समोर भात पिकून वाकलं होतं. त्याने आत्याला बोलावलं.

"माझी आज्ञा तू मोडलीस?"

"मोडली."

"का?"

"आज्ञा राखली असती तर शेतं गेली असती, महाराज. शेतं राखली, तर आज्ञा गेली. आज्ञा तुम्ही उद्या दुसरी काढाल. जमीन कुठून काढणार?"

राजाने चिखलातून पाय उपसला. मग म्हणाला, "आजपासून आधी बुजवा, मग कळवा. गावाच्या साक्षीवर मदत मिळेल."

मोजणीदार पुढे झाला. "महाराज, लोक खोटं बोलले तर?"

"एखादं गाव खोटं बोलेल. त्याच्यापायी सगळ्यांची शेतं खारी करायची?"

त्याच महिन्यात अलीकडे घाट बांधायला सुरुवात झाली. पाणवठ्यावर आत्याची घागर आता दुसरंच कोणीतरी उचलू लागलं. पलीकडच्या जमिनीतलं मीठ मात्र सात पावसाळे धुतलं गेलं, तेव्हा कुठे तिथे पहिलं भात उगवलं. तोवर तिथली निम्मी घरं पोट भरायला दूर निघून गेली होती, आणि ती परत आली नाहीत.

तात्पर्य : संकटात जी मदत आधी पुरावा मागते, ती पोहोचते तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं.