खडकवेळची फिरलेली चौकट

इथं कठड्याला धरून उभे राहा, पोरांनो, आणि खाली बघा. बारवेच्या चारी भिंती कशा सरळ, चौरस. आणि तळाशी पाण्याभोवती ती दगडी चौकट दिसते का? तीही चौरसच, पण भिंतींच्या ओळीत नाही. जरा अंग वळवून बसलीय. तिचे चार कोपरे चार भिंतींना टेकलेत आणि मागे चार तिकोनी जागा उरल्यात. एकीतून पायऱ्या उतरतात, बाकीच्यांत बाया घागरी टेकवतात. तुमच्यासारखी चित्रकलेच्या कॉलेजातली मंडळी दरसाल येतात, टेप लावतात, रेघा ओढतात आणि विचारतात, “आजोबा, काय डोकं लढवलंय! आखलं कुणी हे?” आखलं कुणीच नाही, बाबांनो. भांडणातून निघालंय ते. बसा, सांगतो.

फार जुनी गोष्ट. गावात पाण्याची वणवण. तेव्हाच्या पाटलीणबाई देवीला बोलल्या होत्या म्हणे, की येत्या मृगाच्या आत बारव बांधून तुझे पाय तिच्याच पाण्यानं धुईन. काम दोन पाथरवटांनी घेतलं. एक रायाजी, इथलाच, बुटका आणि गच्च अंगाचा. दुसरा म्हाळोजी, नदीपलीकडचा, ताडमाड उंच. म्हाळोजीची धाकटी बहीण येसाई रायाजीला दिलेली. तिचे आईबाप कधीच गेलेले. माहेर म्हणून तिला काय होतं, तर हा एवढा एक भाऊ.

दोघंही कसबी, आणि दोघंही नाकावर माशी बसू न देणारे. म्हाळोजीनं खड्ड्यात भिंती उभ्या करायच्या. रायाजीनं डोंगराच्या खाणीत चार लांब शिळा घडवायच्या आणि खाचेत खाच घालून त्यांची चौकट करायची. ती भिंतींच्या पायाशी बसणार आणि चारी भिंतींना आतून रेटून धरणार. आमची माती काळी. पाणी प्याली की फुगते आणि भिंतीला आत ढकलते. चौकट नसती तर एका पावसात भिंती पोटात घेऊन बारव बसली असती.

किती हात लांबी, किती हात रुंदी, हे दोघांनी पानसुपारी खाऊन ठरवलं. आणि इथंच घोडं पेंड खात होतं! हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्या काळी मोठा कारागीर स्वतःच्या हातानंच मोजायचा. दुसऱ्याच्या मापानं काम करणं म्हणजे दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवणं, असं मानायचे. म्हाळोजीनं आपल्या हातानं मोजलं, रायाजीनं आपल्या. एकाचा हात लांब, एकाचा आखूड. हे कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

बैलजोड्या लावून शिळा खाली उतरवल्या, चौकट जोडली, आणि बघतात तर काय, चारी बाजूंनी वीतभराहून मोठी फट! थाळीत वाटी ठेवावी तशी चौकट नुसती मध्ये बसलेली. भिंतींशी तिचा काही संबंधच नाही.

कुणीतरी म्हणालं, फटीत दगड भरा. म्हाळोजी खवळला. “माती फुगली की ते दगड भुईमुगासारखे बाहेर येतील. माझ्या भिंतीला ठिगळ नको. दाजी, तुमची मोजणी चुकली. नवी चौकट घडवा.”

“मोजणी चुकली ती तुमची, पाव्हणं,” रायाजी म्हणाला. “भिंती उतरवा.”

दगड वाढत नाही आणि बांधलेली भिंत सरकत नाही. मृग तर तोंडावर आलेला. शब्दानं शब्द वाढत गेला. शेवटी म्हाळोजीनं सगळ्या गावासमोर सांगितलं, “चौकट बदलली नाही तर आजपासून मला बहीण नाही.” आणि रायाजी कुठला मागे राहतो? “भिंत उतरली नाही तर आजपासून माझ्या बायकोला माहेर नाही!”

येसाई काठावर भाकरीची पाटी घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, “भांडता तुम्ही दोघं आणि तोडता मला.” पण ऐकतो कोण?

पहाटे ती दळायला बसली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. एकाची बाजू घ्यावी तर दुसरा जातो. नवरा खोटा म्हणावा की भाऊ खोटा म्हणावा, हेच मनात फिरत होतं. दळण असं खसाखसा चाललेलं की जात्यालाही धाप लागावी. जात्याचा खुंटा बाभळीचा, वाळून बारीक झालेला, चौकोनी भोकात रोज खुळखुळायचा. रोज ती त्याला चिंधी गुंडाळायची, त्या दिवशी विसरली. दळता दळता तिच्या ध्यानात आलं, की खुंटा वाजत नाही. तिनं हलवून पाहिला, हलेना. ओढून पाहिला, निघेना. वाकून बघितलं तर रागाच्या हिसक्यानं तो भोकात जरा फिरला होता, आणि त्याचे चार कोपरे भोकाच्या चार बाजूंना टेकून रुतले होते.

येसाई तशीच उठली. जात्याची वरची तळी खुंट्यासकट उचलली, डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर घेतली आणि पिठानं माखलेली अशी ती बाई बारवेवर आली. दोघं दोन काठांवर तोंडं फिरवून बसलेले. तिनं तळी मधोमध ठेवली.

“दादा, हा खुंटा काढ.”

म्हाळोजीनं एका हातानं ओढला, मग दोन्ही हातांनी. मान लाल झाली, खुंटा जागचा हलेना.

“आता तुम्ही काढा.”

रायाजीनंही जोर लावून बघितला.

“भोकापेक्षा बारीक आहे तो,” येसाई म्हणाली. “सरळ ठेवला की सैल पडतो. फिरला म्हणून घट्ट बसलाय.”

असं सांगतात की दोघांनी खुंट्याकडे पाहिलं, मग खाली चौकटीकडे पाहिलं, आणि दोघांनीही पहारी उचलल्या. सगळं गाव खाली उतरलं. शिळांखाली लाकडं सारली, त्यांना तेल लावलं आणि चौकट तसूतसूनं फिरवायला घेतली. चार कोपऱ्यांवर चार माणसं डोळे लावून बसली. फट कमी होत गेली. आणि एका क्षणी चौघंही एकदम ओरडले, “टेकला!”

खरं नवल इथं आहे. चौकटीचा एक कोन जरी तिळभर चुकला असता, तर तीन कोपरे टेकून चौथा लोंबकळला असता. एक भिंत जरी तिरकी असती तरी तेच. चारही एकदम टेकले, म्हणजे चौकटही खरी आणि भिंतीही खऱ्या. गावाला ते उशिरा कळलं. त्या दोघांना तिथंच, पहार हातात असताना कळलं. म्हाळोजीनं चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “दाजी, काय काम केलंय हो!” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दोघं शिळेवर समोरासमोर बसले, कोपराला कोपर लावलं, हात हातावर टेकवले. म्हाळोजीची बोटं चांगली चार बोटं पुढे गेली. ते बघून रायाजी असा हसला, असा हसला, की बारवेत आवाज घुमला.

मृग बरसला, माती फुगली, भिंती तसूभर हलल्या नाहीत. पाटलीणबाईंचा शब्द देवीनं राखला. लोकांनी येसाईला विचारलं, “आता तरी सांग, चुकलं कोण?” तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जे सांगितलं ते गाव अजून विसरलेलं नाही.

आजही खडकवेळात कुठलंही लग्न लागलं की नवराबायको आधी इथं येतात. नवरा आणि नवरीचा भाऊ चौकटीवर बसून कोपराला कोपर लावतात. जेवढा फरक निघेल तेवढं हळदीचं सूत नवरी तोडते आणि आपल्या मनगटाला बांधते. मग म्हातारी माणसं तिला विचारतात, “बाई, खरा हात कुणाचा?” आणि कितीही लाजरी पोर असो, तिला ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणावं लागतं: “दोघांचाही!”