दोरीखालची जाळी

गोदावरीबाई मुलांना घेऊन कोल्हापूरला सहलीला आल्या, तेव्हा तिथे कसरतींचे दोन खेळ लागले होते. एका खेळात झुल्याखाली जाळी होती. दुसऱ्यात दहा वर्षांची मुलगी उंच दोरीवरून चालायची आणि खाली नुसती जमीन. मुलांनी दोरीचाच हट्ट धरला.

तंबूपाशी सराव करणारी ती पोर बघून गोदावरीबाईंचा जीव खालीवर झाला.

"मालक, पोरीखाली जाळी बांधा हो."

मालक शहाजीराव मिशीला पीळ देत म्हणाले, "बाई, ती आजवर एकदाही पडली नाही. मग जाळी कशाला? भित्र्यांनी दुसरा खेळ बघावा!"

तिकिटाच्या रांगेतले लोक हसले. पण गोदावरीबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मालक, तुमची विजार चारचौघांत कधी घसरली का हो?"

"माझी? छे! उभ्या जन्मात नाही!"

"मग हा पट्टा कशाला आवळलाय?"

रांगेत हशा उसळला. "मालक, जाळी बांधा, नाहीतर पट्टा सोडा!" मागून कुणीतरी ओरडलं. लालबुंद झालेल्या शहाजीरावांनी जाळी बांधायला लावली.

पोरगी दोरीवरून पलीकडे पोहोचेपर्यंत गोदावरीबाईंनी पदर मुठीत आवळून धरला होता. पोहोचल्यावर ती पोर वळली, खुदकन हसली आणि तिनं मुद्दामच जाळीत उडी मारली.