पुढच्या सीटवरचं झाकण

"…मग यंदा गादीवर कोण बसणार, बुवा?"

गाडीचं दार उघडता उघडता मुरलीधरने विचारलं. विचारताना त्याने बुवांकडे पाहिलं नाही.

निर्मळगिरी बुवा मठाच्या पायरीवर उभे होते. वय ऐंशीच्या घरात. भंडाऱ्याच्या दिवशी निरूपणाच्या गादीवर चाळीस वर्षं तेच बसत आले होते. यंदा आवाज साथ देत नव्हता.

बुवा म्हणाले, "आधी हंडा आणू."

मुरलीधरने बारा वर्षं मठातल्या पोथ्या वाचल्या होत्या. अर्ध्याहून जास्त त्याला तोंडपाठ होत्या. त्याच्याइतकं गावात कुणाला येत नाही, हे तो जाणून होता. गावही जाणून होतं. त्यातच आठ दिवसांपूर्वी त्याने नवी गाडी घेतली होती. भंडाऱ्याचा मोठा तांब्याचा हंडा दरवर्षी ट्रॅक्टरमधून यायचा. यंदा तो आपल्या गाडीतून येणार, असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं.

हंडा तालुक्याला कल्हईसाठी दिला होता. कल्हईवाल्या युसूफभाईंनी तो आतून चांदीसारखा करून ठेवला होता.

बुवांना घेऊन मुरलीधर त्यांच्या दुकानाशी पोचला आणि त्याने डिकी उघडली. आत सामान झाकायचं काळं झाकण होतं, काढता-घालता येणारं. त्याच्याखाली हंडा जाईना. मग त्याने झाकण काढलं, मागच्या सीटचा मोठा भाग आडवा पाडला. हंडा आत बसला.

झाकण मात्र हातात राहिलं.

टपावर ठेवलं तर उडेल. हंड्याखाली ठेवलं तर मोडेल. हंड्याला टेकवलं तर ओरखडे पडतील. युसूफभाई म्हणाले, माझ्या दुकानात राहू द्या, उद्या घेऊन जा. मुरलीधरला ते पटलं नाही. नवी वस्तू, धुरात कशी ठेवायची? शेवटी त्याने ते आपल्या शेजारी पुढच्या सीटवर उभं केलं आणि त्याला पट्टा लावला.

"हंडा नेताय की झाकण?" युसूफभाई हसले.

बुवा मागच्या दाराकडे वळले. मागे जेवढी सीट उरली होती, तेवढ्यात अंग चोरून बसले. एक हात हंड्याच्या काठावर ठेवला.

वाटेत मुरलीधरच बोलत होता. कोणता अध्याय घ्यावा, कुठे थांबावं, कोणता दाखला द्यावा, त्याचं सगळं ठरलेलं होतं. वळणावर हंडा सरकायचा. बुवा तो धरायचे…

गावाची एक रीत होती. हंडा वेशीवर आला की चाकांवर पाणी घालायचं आणि पुढे बसून हंडा घेऊन येणाऱ्याला ओवाळायचं. आजवर ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या शेजारी बसून बुवाच येत होते.

वेशीवर सारा गाव जमला होता. नवी गाडी दिसताच हलगी वाजू लागली. मुरलीधरने काच खाली घेतली. त्याची मान ताठ होती.

गिरजाकाकू ताट घेऊन डावीकडच्या पुढच्या दाराशी आल्या. कुणीतरी त्यांना दार उघडून दिलं.

आत पट्टा लावलेलं झाकण बसलं होतं.

हलगी थांबली.

"काकू, नवे महाराज आलेत. लावा कुंकू," गर्दीतून एक आवाज आला. सगळे हसले.

मुरलीधरचा चेहरा उतरला. त्याने घाईघाईने पट्टा सोडायला हात घातला.

मागून बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"बुवा, ही तुमची जागा. माझं चुकलं."

"बसू दे त्याला."

…

"काकू, ओवाळा," बुवा म्हणाले.

काकूंनी एकदा झाकणाकडे, एकदा बुवांकडे पाहिलं. ताटातली ज्योत वाऱ्यावर हलत होती. शेवटी त्यांनी झाकणाला कुंकू लावलं आणि ओवाळलं. बुवांनी मान लववली. आता कुणी हसत नव्हतं.

मुरलीधर खाली बघत होता. त्याने हळूच विचारलं, "बारा वर्षं झाली, बुवा. मला नाही मिळाला, तो मान याला कशाचा?"

बुवांनी हंड्यावरचा हात काढला नाही.

"हंड्याला जागा हवी होती, तेव्हा ते झाकण बाजूला झालं."