तळहाताएवढी जागा

ज्या काळी गावांना वेशी होत्या आणि त्या वेशींची दारे दिवस मावळताच बंद होत, त्या काळची ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी ती लक्षात ठेवावी.

एका गावात एक सुतार राहत असे. जुन्या सामानाला नवे रूप देण्यात त्याचा हातखंडा होता. चौरंग असो, पेटी असो वा पलंग असो, त्यावरचे जुने रोगण तो खरवडून काढी, लाकूड घासून गुळगुळीत करी आणि मग नव्या रोगणाचे हात देई.

त्याच्या गुरूने त्याला एक नियम घालून दिला होता. "दर सांगण्यापूर्वी वस्तू उलटी कर. कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी तळहाताएवढी जागा खरवडून पाहा. किती कष्ट पडतील, ते लाकूडच तुला सांगेल."

सुताराने पुष्कळ वर्षे हा नियम पाळला. पुढे त्याचे नाव झाले आणि नियम मागे पडला. तो वस्तू उलटी करीनासा झाला. गिऱ्हाइकाकडे पाहू लागला. जरीची पगडी दिसली की दर दुप्पट होई. ठिगळाचे लुगडे दिसले की तो निम्म्याहून खाली येई. यात त्याला स्वतःचे औदार्यच दिसे.

त्याची बायको कधी कधी म्हणे, "अहो, हा दर पलंगाचा की पगडीचा?"

"तुला व्यवहार कळत नाही," असे म्हणून तो हसण्यावारी नेई.

एके दिवशी गोधड्या शिवणारी एक म्हातारी डोक्यावर पाळणा घेऊन आली. पाळण्याच्या रोगणाचे पापुद्रे सुटले होते.

"माझी लेक यातच वाढली," ती म्हणाली. "आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. महिना उरला. काय घेशील, बाबा?"

सुताराने तिचे लुगडे पाहिले, अनवाणी पाय पाहिले. पाळण्याला त्याने हातही लावला नाही.

"तीन नाणी द्या, आजी. आठ दिवसांनी या."

म्हातारीने पाळणा भिंतीशी टेकवला. मग "बरं," म्हणून निघून गेली.

तीन नाण्यांचे काम ते! बाजूला एका सावकाराचा पलंग पडला होता, आणि त्याची वीस नाणी मिळायची होती. सुताराने पाळणा बाहेरून घासला आणि आरशासारखा चमकवला. आतल्या पट्ट्या मात्र त्याने तशाच ठेवल्या. 'वर दुपटे अंथरतील. कोण पाहतो?' असे त्याने मनाशी म्हटले.

आठव्या दिवशी म्हातारी आली. बाहेरची चमक तिने पाहिली न पाहिली, आणि आतून हात फिरवला. गोधड्यांत राहून गेलेल्या सुया चाळीस वर्षे शोधत आलेला तो हात होता. एका पट्टीपाशी तो थांबला. तिने बोट वर केले. त्यात लाकडाचे कुसळ रुतले होते आणि रक्ताचा एक थेंब आला होता.

"अहो आजी, तीन नाण्यांत..." सुतार बोलून गेला.

"तीन नाणी मी सांगितली होती का रे?"

तिने कनवटीची गाठ सोडली. आत बारा नाणी होती.

"लेकीला दिवस गेले तेव्हापासून या पाळण्याच्या पैशांसाठी मी रोज टाक्यांची एक ओळ जास्त घातली. तू पाळणा उलटासुद्धा केला नाहीस. माझं लुगडं बघितलंस आणि दर सांगितलास. तुला दया आली, हे खरं. पण त्या दयेची किंमत माझ्या नातवंडाच्या पाठीनं द्यायची होती का?"

ती रागावली असती, तर सुतार वाद घालत बसला असता. तिचा आवाज मऊ होता, म्हणून त्याची मान खाली गेली.

त्याने पाळणा उलटा केला. पटाशी घेऊन तळहाताएवढी जागा खरवडली. रोगणाचे तीन थर निघाले, आणि त्यांखाली तांबूस सागवान दिसले. एक सांधा सैल होता. एका पट्टीला कीड लागली होती.

"नऊ नाणी पडतील, आजी. आणि दहा दिवस लागतील."

"नऊ?" म्हातारीने कंबरेवर हात ठेवले. "आठ कर."

"आठात पट्टी बदलता येणार नाही. नऊच."

"सांधा?"

"तो घट्ट केल्याशिवाय पाळणा दारातून बाहेर जाणार नाही."

"मग नऊ," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. "आज मी तुझं गिऱ्हाईक झाले बघ."

दहा दिवसांनी तिने पाळण्याच्या आतून दोनदा हात फिरवला. तो कोठेही अडला नाही. तिने नऊ नाणी मोजून दिली आणि पाळणा डोक्यावर घेऊन ती ताठ मानेने घरी गेली. पुढे त्या पाळण्यात तिची नात निजू लागली.

सुताराने सावकाराचा पलंगही उलटा करून पाहिला आणि वीस नाण्यांऐवजी अकराच नाणी घेतली. सावकार चकित होऊन पगडी चाचपत राहिला. सुताराची बायको दाराआडून हसली.

तात्पर्य: दर कामाकडे पाहून सांगावा, त्यातच कारागिराची सचोटी आणि गिऱ्हाइकाचा मान असतो.