माशांचे लंघन

एकदा समुद्राकाठच्या एका वृद्ध वैद्यांच्या दवाखान्यात लाल शेवाळाने कठीण प्रसंग उभा केला. बऱ्या झालेल्या रोग्यांनी मिळून वैद्यांना खाऱ्या पाण्याची एक मोठी काचपेटी भेट दिली होती. तिच्यात नारिंगी माशांची एक जोडी होती आणि जिवंत प्रवाळ होते. वैद्य कुणाकडून दक्षिणा घेत नसत. म्हणून बरा झालेला माणूस जाताना हात जोडायचा आणि पेटीत चिमूटभर खाद्य टाकायचा. तिथला तो रिवाजच पडून गेला होता.

पेटीची देखभाल वैद्यांच्या शिष्याकडे होती. त्या वर्षी त्याच्या औषधांना चांगला गुण येऊ लागला आणि साहजिकच खाद्याच्या चिमटीही वाढल्या. प्रत्येक चिमटीगणिक शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढत होते.

मग पेटीतल्या वाळूवर शेवाळाचा तांबडा, बुळबुळीत थर धरला. शिष्याने तो खरवडून काढला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. बघता बघता तो प्रवाळावर चढला, प्रवाळ मिटून गेले आणि मासे वर येऊन धापा टाकू लागले. लोकांनी एवढ्या मायेने दिलेले हे जीव आपल्या हातून जाणार, या विचाराने शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने गुरूंकडे शेवाळ मारणारे जालीम औषध मागितले.

वैद्यांनी औषध दिले नाही. नळीने थर ओढून काढला, थोडे पाणी बदलले, हवेचा पंप चालू ठेवून पेटीवरचा दिवा मात्र मालवला आणि शेवाळाला उजेड मिळू नये म्हणून पेटीवर आपली घोंगडी पांघरली. खाद्याचा डबा त्यांनी कपाटात कुलूपबंद केला. आजाऱ्याच्या तोंडचा घास असा काढून घ्यावा, हे शिष्याला काही केल्या पटेना.

"गुरुजी, मासे उपाशी मरतील," तो म्हणाला.

"अजीर्णाच्या रोग्याला तू काय सांगतोस?"

"लंघन करा म्हणून सांगतो."

"मग? अरे, दोन माशांची पोटं ती केवढी! ती भरली, आणि उरलेलं तळाशी कुजत राहिलं. ते उष्टं खायला हे शेवाळ आलं. मारलंस तरी ताट वाढलेलं आहे तोवर ते पुन्हा येईल. लोकांची कृतज्ञता खोटी नव्हे, बाळा. पण घेणाऱ्याचं पोट पाहून द्यावं लागतं. ते पाहायचं काम तुझं होतं, आणि तू देणाऱ्यांचे चेहरे पाहत बसलास."

शिष्याची मान खाली गेली. आपल्याला असे सांगणारे कुणी आहे, याचे त्याला फार बरे वाटले.

काही दिवसांनी घोंगडी काढली, तेव्हा वाळू स्वच्छ दिसत होती. प्रवाळ हळूहळू उमलू लागले होते आणि मासे त्यांच्याभोवती निवांत फिरत होते. तेवढ्यात खोकल्यातून बरी झालेली एक कोळीण हात जोडून उभी राहिली आणि खाद्य मागू लागली.

"मावशी, त्यांचं जेवण झालंय," शिष्य म्हणाला. "द्यायचंच असेल तर खोल समुद्रातलं घागरभर पाणी आणून द्या. त्याची त्यांना गरज आहे."

ती आनंदाने कबूल झाली. शिष्याला गहिवरून आले. धावत जाऊन गुरूंच्या पायांवर डोके ठेवावे, म्हणून तो आतल्या खोलीच्या दाराशी गेला. वैद्यांचा नुकताच डोळा लागला होता.

त्याने दार हलकेच लोटून घेतले आणि तो बाहेर खोळंबलेल्या रोग्यांकडे वळला.