खारीने बुजवलेले भोक

सह्याद्रीच्या उतारावर, जिथे पाऊस एकदा लागला की उघडायचे नाव घेत नाही, अशा एका जंगलात बेहड्याच्या झाडाच्या ढोलीमध्ये एक खार राहत असे. मुलांनो, ही गोष्ट हसण्याची नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. तरी सांगतो आहे, कारण डोक्यावर छप्पर असलेल्या प्रत्येकाला ती कधी ना कधी उपयोगी पडते.

गेल्या पावसाळ्यात खारीच्या ढोलीत पाणी शिरले होते. फार नाही, तळाशी अंथरलेला सावरीचा कापूस ओला होण्यापुरतेच. पण त्या ओल्या अंथरुणात तिचे एक पिल्लू गारठले आणि गेले. खार कितीतरी वेळ त्याला पोटाशी धरून बसली होती. ऊब दिली की ते हलेल असे तिला वाटत होते. ते हलले नाही. त्या दिवसापासून तिला पाण्याची धास्तीच बसली. यंदा तिला पुन्हा पिल्ले व्हायची होती, आणि ती होण्याआधी घरात पाण्याचा थेंब येणार नाही अशी व्यवस्था करायचीच, असे तिने मनाशी पक्के केले.

वैशाखात तिने घर नीट तपासले. दाराशिवाय ढोलीला आणखी दोन भोके होती. एक वर, जिथे जुनी फांदी मोडून पडली होती तिथे. ते कोरडे ठणठणीत होते, आत धूळ आणि कोळ्याची जाळी. दुसरे खाली, तळाच्या कोपऱ्यात, जेमतेम बोट जाईल एवढे. त्याच्या कडेला लाकूड काळे पडले होते, आणि बाहेरच्या सालीवर त्या भोकापासून खाली शेवाळाचा एक वाळलेला पट्टा उतरला होता. खारीने मान डोलावली. ओल इथे दिसते, म्हणजे पाणी इथूनच येते. यात शंका घेण्यासारखे तिला काही दिसले नाही. खरे सांगायचे तर तुम्हालाही दिसले नसते.

आता ते बुजवायचे कशाने? समोरच्या ऐनाच्या झाडावर धनेश पक्ष्याचे बिऱ्हाड होते. या पक्ष्यांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट फक्त ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला फळे भरवत राहतो. सगळे जंगल तिला धनेशवहिनी म्हणत असे. तिची ती भिंत पाहून खारीला हेवा वाटायचा. नखाने खरवडली तरी कण सुटत नसे.

खार फटीपाशी गेली आणि लिंपायचा गारा कसा करायचा ते तिने विचारले. दिवसभर एकटे बसून कंटाळलेल्या धनेशवहिनीने सगळे हौसेने सांगितले. माती कुठली घ्यायची, त्यात उंबराचा गर किती मिसळायचा, थर कसा सुकू द्यायचा आणि मगच त्यावर दुसरा कसा चढवायचा. भोक कशासाठी बुजवायचे आहे, हे वहिनीने विचारले नाही आणि खारीनेही सांगितले नाही. शिकणारीने एवढे मात्र केले की गाऱ्यात आपल्या अकलेने धावड्याचा डिंकही घातला.

ती गारा घेऊन तळाच्या भोकाशी आली, तेव्हा तिथे मुंगळ्यांची रांग लागलेली होती. त्यांची ती रोजचीच वाट. रांगेतला एक म्हातारा मुंगळा पुढे आला.

"खारूताई, एवढं भोक बुजवू नकोस," तो म्हणाला. "आमचा जाण्यायेण्याचा रस्ता आहे हा. शिवाय पावसात तुझ्या घरातलं पाणीही इथूनच बाहेर जातं."

"रस्ता तुमचा मोडतोय आणि काळजी माझ्या घराची होय?" खार म्हणाली. "मुंगळेभाऊ, माझं एक पिल्लू गेलंय या भोकापायी. तुम्ही वळसा घालून जा."

मुंगळ्याला राग आला. तो दुसऱ्यांदा सांगायला थांबला नाही. रांग वळली आणि सालीवरून लांबच्या वाटेने निघून गेली. खारीने थरावर थर दिले, शेपटीने ते गुळगुळीत केले, आणि सुकल्यावर दात लावून पाहिला तेव्हा तिचा दातच दुखला. तिला फार समाधान वाटले. वरच्या कोरड्या भोकाकडे तिने पुन्हा पाहिलेही नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असे.

ज्येष्ठ लागला तशी धनेशवहिनीने आपली भिंत चोचीने फोडली आणि पिल्लासह ती बाहेर आली. खार हे पाहून चकित झाली. पावसाळा तोंडावर आला असताना एवढी चांगली भिंत का फोडलीस, असे तिने विचारले.

"भिंत सापासाठी होती गं," धनेशवहिनी म्हणाली. "पाऊस लागला की आम्ही घरात राहतोच कुठे?"

आणि ती उडून गेली. खारीच्या मनात काहीतरी खुपले. पण तोवर तिला तीन पिल्ले झाली होती, डोळे मिटलेली, गुलाबी, एकमेकांच्या अंगावर चढून झोपणारी. त्यांना सोडून विचार करायला तिला सवड नव्हती. त्यात सुरुवातीच्या सरी आल्या आणि गेल्या, आणि ढोलीतला कापूस कोरडाच राहिला. भुरभुर पावसाचे पाणी वरच्या भोकातली धूळच पिऊन टाकत होती, हे तिला कसे कळावे? शेजारपाजारच्या खारींना बोलावून तिने आपले बुजवलेले भोक दाखवले. त्यांनीही वाहवा केली. मुंगळे मुद्दाम भीती घालत होते, यावर सगळ्यांचे एकमत झाले.

मग आषाढातली झड बसली. दिवसांमागून दिवस उजाडले आणि सूर्य काही दिसला नाही. खार पिल्लांवर पांघरूण होऊन पडून राहिली. पण उपाशी पोटी दूध कुठून येणार? पिल्ले चोखून चोखून रडायला लागली, तेव्हा एका दुपारी पाऊस जरा ओसरलासा पाहून ती उंबराकडे धावली. चार फळे पोटात गेली नाहीत तोच आभाळ फाटले. ती तशीच मागे फिरली. बेहड्याच्या खोडावरून पाण्याचे ओहोळ वाहत होते, आणि त्यांतला सगळ्यांत मोठा ओहोळ मोडक्या फांदीच्या भोकातून सरळ आत जात होता.

दाराशी येऊन तिने कान दिला. आत पिल्लांचा आवाज नव्हता. आत पाण्यात पाणी पडत होते.

तिने उडी घेतली. ढोली निम्म्याहून जास्त भरलेली होती. कापसाचा भिजलेला गोळा वर तरंगत होता आणि त्याला एक पिल्लू चिकटले होते. ते तिने तोंडात धरले आणि बाहेरच्या फांदीच्या बेचक्यात ठेवले. परत आली, बुडी मारली, अंधारात चाचपडली, पुन्हा बुडी मारली. हाती काही लागले नाही. तेव्हा ती बाहेरून तळाच्या भोकाकडे धावली आणि आपला तो गारा कुरतडू लागली. तो सुटेना. मन लावून केलेले काम होते ते. डिंकाने चिवट झालेला एक एक कण तिने काढला. तिच्या दातांतून रक्त आले, तरी ती थांबली नाही.

शेवटी गारा फुटला. पाणी धारेने बाहेर पडले आणि शेवाळाच्या त्या जुन्या पट्ट्यावरून खाली वाहू लागले. थोड्याच वेळात ढोली रिकामी झाली. तळाशी तिची दोन पिल्ले एकमेकांच्या अंगावर पडलेली होती, झोपल्यासारखी.

खार त्या धारेकडे बघत राहिली. गेल्या वर्षी शिरलेले पाणी ढोलीत साचले नव्हते ते याच भोकामुळे. ज्याने तेव्हा तिची बाकीची पिल्ले वाचवली होती, त्यालाच तिने बुजवले होते. वरच्या फांदीवर, अंडी तोंडात धरून, मुंगळे कोरड्या जागी निघाले होते. त्यांत तो म्हातारा मुंगळाही होता.

"मुंगळेभाऊ, तेव्हा तुम्ही पुन्हा का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग यायला अंगात काही उरलेच नव्हते.

मुंगळा थांबला. त्याची मान खाली गेली.

"मी आधी आमच्या रस्त्याचं सांगितलं," तो म्हणाला. "तुझ्या घराचं आधी सांगायला हवं होतं. आणि तू रस्त्याचं तेवढंच ऐकलंस."

मुंगळा आपल्या रांगेत मिसळला आणि खार बेचक्यातल्या पिल्लावर पांघरूण होऊन बसली. ते जगले. पुढच्या वैशाखात खारीने वरच्या भोकाला उत्तम गारा लावला आणि तळाचे भोक मोकळे ठेवले. त्यानंतर तिच्या घरात कधी पाणी आले नाही. तरीही पाऊस सुरू झाला की ती तळाच्या भोकाशी जाऊन बसे, त्यात पंजा घालून वाट मोकळी आहे ना ते पाही, आणि मग पुन्हा पाही.

तात्पर्य : ओल दिसते तिथे नव्हे, पाणी शिरते तिथले भोक बुजवावे, आणि सांगणाऱ्याचा त्यात स्वार्थ आहे, एवढ्यावरून त्याचे सांगणे खोटे मानू नये.