पाळण्याची शेवटची ओळ

"मग पुन्हा पहिल्यापासून घेऊ ना, मास्तर?"

प्रश्न पुरा व्हायच्या आधीच कुमुदिनीताईंची बोटं पहिल्या कॉर्डवर जाऊन बसली होती.

सावंतवाडीत, चर्चच्या मागच्या गल्लीतल्या आपल्या पडवीत बसून बस्त्याव मास्तरांनी पन्नास वर्षं लोकांना गिटार शिकवली होती. ही बाई सकाळपासून सातव्यांदा पहिल्यापासून घेत होती.

"घरी किती वेळ बसतेस?" त्यांनी विचारलं.

"दोन तास. पूजा आटोपली की लगेच. तीन महिन्यांत एक दिवस चुकवला नाही."

बोलताना ताईंची मान जराशी ताठ झाली. सोळा सोमवार म्हणा, चातुर्मासाचा नेम म्हणा, हाती घेतलेलं व्रत त्यांनी आयुष्यात कधी मोडलं नव्हतं.

"मी वीस मिनिटं सांगितली होती."

"वीस मिनिटांत काय होतंय, मास्तर!"

"बोटं दाखव बघू."

ताईंनी डावा हात पुढे केला. बोटांच्या टोकांवर तारांचे लाल वळ उठले होते. मधल्या बोटावरचा फोड फुटलेला होता.

मास्तरांनी त्या फुटलेल्या फोडाकडे बघितलं.

"देवाला फूल वाहतेस, तेही असंच दाबून वाहतेस काय गे?"

ताईंना हसू आलं. पण ते टिकलं नाही.

"रविवारी बारसं आहे, मास्तर..."

मास्तरांना ते ठाऊक होतं. ताईंची नात सातव्या महिन्यातच जन्मली. दीड महिना पोर काचेच्या पेटीत होती. तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून ताई नवस बोलल्या होत्या, की पोर घरी आली तर तिच्या बारशाला पाळणा मी माझ्या हातांनी वाजवीन. घरात वाद्य म्हणून मुलानं कधीकाळी टाकून दिलेली एक गिटार तेवढी होती. दुसऱ्याच दिवशी ती पुसून, खांद्याला लावून ताई या पडवीत येऊन उभ्या राहिल्या.

पोर घरी आली. आता फेडायचं राहिलं होतं ते ताईंकडून.

"वाजव," मास्तर म्हणाले. "हळू. बोट दांडीवरच्या पट्टीच्या लगत ठेव. जोर नको."

पहिली ओळ निघाली, अगदी स्वच्छ. दुसरीही बरी गेली. तिसऱ्या ओळीत 'सी' कॉर्डवरून 'जी' कॉर्डवर जाताना बोट अडलं आणि तार थडथडली.

"च्च!"

ताई थांबल्या. बोटं पुन्हा पहिल्या जागी.

"का थांबलीस?"

"चुकलं ना."

"बरं, मग?"

"पोथी वाचताना मधेच खंड पडला, तर अध्याय पुन्हा पहिल्या ओवीपासून घ्यायचा. आमच्याकडे तसंच करतात. मोडलेलं देवाच्या पुढ्यात कसं ठेवायचं, मास्तर?"

मास्तरांनी मान हलवली.

"तुझी पहिली ओळ झकास झालीय. माझ्यापेक्षा बरी वाजवतेस."

ताई खुलल्या.

"आणि शेवटची ओळ कधी वाजवलीस, बाय?"

ताई आठवू लागल्या. आठवत राहिल्या...

"गेल्या मंगळवारी," त्या हळूच म्हणाल्या. "एकदा."

मास्तर उठले. खिडकीत त्यांची मांजर पसरली होती. त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचललं आणि पडवीतल्या झोपाळ्यावर नेऊन ठेवलं. स्वतः शेजारच्या खुर्चीत बसले आणि एका पायानं झोपाळ्याला हलकासा झोका दिला.

"हं. आता वाजव."

ताई वाजवू लागल्या. पाळण्याच्या ठेक्यावर झोपाळा हलू लागला. मांजरीचे डोळे मिटत आले.

तिसऱ्या ओळीत बोट अडलं. ताई थांबल्या.

मास्तरांनी पाय टेकून झोपाळा गचकन थांबवला.

मांजरीनं डोकं वर काढलं आणि ती नाराजीनं ओरडली.

"अगं बाई!" ताई म्हणाल्या. "झोपत होती बिचारी."

मास्तरांनी पुन्हा झोका दिला.

ताईंनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तीच जागा, तेच बोट. पुन्हा झोपाळा गचकन थांबला. या वेळी मांजर उठून उभी राहिली. मास्तरांनी तिला चुचकारून बसवलं आणि झोका दिला.

तिसऱ्यांदा ताईंचं लक्ष गिटारवर नव्हतंच. त्या मांजरीकडे बघत होत्या. तिची मान पंजांवर टेकली. पोट संथ वरखाली होऊ लागलं. तिसरी ओळ आली, आणि बोट पुन्हा अडलं.

पण उजवा हात थांबला नाही.

तार थडथडली, सूर अर्धाच निघाला, तरी तो हात झोपाळ्याबरोबर वर-खाली जात राहिला. दोन झोके गेले. डावी बोटं अंधारात भिंत चाचपावी तशी सरकली आणि आपल्या जागी बसली. चौथ्या ओळीत पुन्हा तसंच झालं. पाचवीतही. आणि मग, केव्हा ते कळलंही नाही, शेवटची ओळ येऊन गेली.

पडवीत नुसती झोपाळ्याच्या कड्यांची करकर राहिली.

ताईंनी डोळे पुसले, गिटार मांडीवर आडवी घेतली.

"पण मास्तर, तीन ठिकाणी चुकले मी," त्या म्हणाल्या. "देवाचं देणं आहे ते. असं चुकलेलं चालेल त्याला?"

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल गे... ती झोपलीय."